फोटो बसत नाही

"गेली," चंचल म्हणाली.

फोटो पडद्यावर येऊन क्षणभर नीट दिसला होता. मग कुणी काचेवरून ओलं फडकं फिरवावं तसा सगळा पडदा पांढुरका झाला, माउसच्या बाणाच्या जागी एक चक्र फिरू लागलं, आणि अख्खी पीपीटी न सांगता बंद पडली.

टेबलापलीकडे रेंजर कुळमेथे साहेब उभे होते. त्यांनी टोपी काढून फाइलींवर ठेवली, परत उचलली. वनखात्याच्या रेंज ऑफिससमोर जीप रस्त्याकडे तोंड करून उभी होती. दुपारी चंद्रपूरला बैठक होती.

"अक्षरं तर राह्यतात न बरोबर?" त्यांनी विचारलं.

"अक्षरं राह्यतात साहेब. फोटो टाकला का मरते."

"मंग फोटोशिवाय काय दाखवू मी तिथी?"

दिवाळीपासून या रेंजमध्ये एका वाघिणीने दोन माणसं मारली होती. आधी एक म्हातारा गुराखी, मग होळीच्या तोंडावर गवत कापायला गेलेली एक बाई. वाघीण पकडायची तर वरून परवानगी लागते, आणि परवानगी मागायची तर दोन्ही ठिकाणी आलेलं जनावर एकच आहे हे दाखवावं लागतं. वाघाच्या अंगावरचे पट्टे माणसाच्या अंगठ्यासारखे असतात, एकाचे दुसऱ्याला जुळत नाहीत. जंगलात झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांनी काढलेले फोटो शेजारी शेजारी ठेवले की कुणालाही दिसावं, ही तीच. चुकीचं जनावर पिंजऱ्यात गेलं तर मारणारी मोकळीच राहणार, म्हणून बैठकीतली माणसं फोटो पाहिल्याखेरीज सही करत नसत. आणि त्यांचंही चूक नव्हतं.

चंचल मेश्राम या ऑफिसात कंत्राटी संगणक ऑपरेटर होती. पावत्या, पगारपत्रकं, वणव्याचे अहवाल, रोपवनाचे तक्ते, सगळं तिच्या बोटांखालून जायचं. नवरा गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात, महिन्यातून कधीतरी घरी यायचा. गावात ती आणि तिची सासू. गाव कोसमटोला, तिथून ऑफिसला स्कूटीने जंगलातल्या रस्त्याने यायचं. हल्ली त्या रस्त्यावर ती हॉर्न वाजवतच गाडी चालवत असे. कुणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप जायचा.

तिने यंत्र बंद करून परत सुरू केलं. फोटो कार्डावरून उचलून डेस्कटॉपवर आणले. मोठे असतील म्हणून लहान केले. नावं बदलली. नवी कोरी फाइल उघडून तिच्यात टाकून पाहिले. प्रत्येक वेळी तेच. वाघीण यायची, डोळ्यांत फ्लॅशचा हिरवा उजेड घेऊन पडद्यातून बघायची, आणि पांढरी होत विरून जायची.

"सिंदेवाहीच्या दुकानवाल्याले विचारू काय?" साहेबांनी विचारलं.

"विचारलं साहेब. तो म्हणते पूरं काढून नवीन टाका. त्याले अर्धा दिवस पाह्यजे."

तेवढ्यात वनरक्षक प्रफुल आत आला. पंचविशीचा पोरगा, खाकी शर्टाच्या काखा घामाने काळ्या झालेल्या. त्याने खिशातून रुमालात गुंडाळलेलं कार्ड काढून चंचलच्या पुढे ठेवलं. "ताई, हे काल संध्याकाळी काढलं. नाल्याच्या कॅमेऱ्याचं. मी अजून पाह्यलं नाई."

चंचलने कार्ड लावलं. एकामागून एक फोटो उघडू लागले. रानडुक्कर. रिकामा नाला. रानडुकरांचीच पिलं. एक चितळ, मान वर केलेली. मग वाघीण. पहाटेचा निळसर उजेड, डावी कूस पूर्ण दिसतेय, पट्टे शाईने काढल्यासारखे स्वच्छ.

"हाच!" साहेब पुढे वाकले. "हा पाह्यजे. हा एक जरी बसला तरी काम होते."

पण चंचल वाघिणीकडे पाहत नव्हती. ती मागच्या झाडाकडे पाहत होती. मोहाचं झाड, खालची जमीन पाला जाळून काळी केलेली, आणि आडव्या फांदीला बांधलेलं पिवळ्या लुगड्याचं फडकं. वानरं येऊ नयेत म्हणून बांधलेलं. ते लुगडं तिच्या सासूचं होतं. ते झाड सासूचं होतं.

तिने पुढचा फोटो उघडला.

त्यात भागीरथाबाई होती. कमरेतून वाकलेली, पाठ कॅमेऱ्याकडे, शेजारी टोपलं. मोहफुलं वेचत होती. वाघीण गेल्यानंतर कॅमेऱ्यापुढे आलेली पहिली हालचाल हीच होती. उजेड तोच, निळसर. तो थोडासुद्धा उजळलेला नव्हता.

बाहेर जीपचा ड्रायव्हर थुंकल्याचा आवाज आला.

"कालचं आहे," प्रफुल हळूच म्हणाला. "काल पहाटेचं. काल तर आली न त्या घरी बरोबर?"

"आली," चंचल म्हणाली. काल आली होती. पण आज?

काल संध्याकाळी ती ऑफिसातून गेली तेव्हा डोक्यात दिवसभराचे फोटो होते. त्या गवतवाल्या बाईचे. घरी जाऊन तिने भाताचं भांडं चुलीवर ठेवायच्या आधीच सासूला सांगितलं होतं, "आत्या, उद्या मोहाले जाऊ नका."

भागीरथाबाई अंगणात चटईवर मोहं पसरत होती. सगळ्या अंगणात तो गोड, आंबूस, डोक्यात चढणारा वास भरून राहिला होता. "फुलं का थांबतेत माह्यासाठी? हप्त्याभराचं तर काम असते."

भिंतीपलीकडची रुखमा तेव्हा उंबऱ्यावरच बसली होती. रुखमा एकटी बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेकरू नाही. दिवसातून एकदा तरी यांच्या दारात येऊन बसल्याशिवाय तिला भाकर गोड लागत नसे. समोरचा एक दात पडलेला, म्हणून हसताना ती तोंडावर पदर धरायची आणि हसायची मात्र पुष्कळ.

"तुही सून फॉरेस्टवाली झाली वो भागीरथे," ती म्हणाली. "आता आपल्याले जंगलात जाले पास काढा लागते इच्याकून."

"हसण्यावारी नेऊ नका मावशी," चंचलचा आवाज एकदम चढला. इतका, की दोघी बाया तिच्याकडे बघतच राहिल्या. या घरात येऊन इतकी वर्षं झाली, पण सासूपुढे ती अशी कधी ओरडली नव्हती. "मी पाह्यलं आहे ते लोकायचं काय झालं. तुम्ही नाई पाह्यलं. मी रोज पाह्यतो."

"बरं," भागीरथाबाई एवढंच म्हणाली, आणि मोहं पसरत राहिली. ते "बरं" होकार होता की गप्प बसवायचं होतं, ते चंचलला कळलं नव्हतं. सकाळी ती लवकर निघाली. साहेबांनी लवकर बोलावलं होतं. सासू कुठे आहे ते तिने पाहिलं नाही. टोपलं खुंटीला होतं का? तिने आठवून पाहिलं. आठवेना.

तिने मोबाइल उचलून घरी लावला. बंद. भागीरथाबाईचा फोन तसा बहुधा बंदच असायचा, चार्जिंगला लावायचं तिच्या ध्यानात राहत नसे.

"मेश्राम मॅडम, जा तुम्ही," साहेब म्हणाले. "मी पाह्यतो काही तरी."

चंचल अर्धी उठली. मग तिची नजर पडद्यावर गेली. साहेबांना यातलं काही येत नव्हतं हे तिला ठाऊक होतं, आणि ते साहेबांनाही ठाऊक होतं. आज परवानगी नाही मिळाली तर पुढची बैठक कधी, कोण सांगणार?

"प्रफुल गाडीनं माह्या आधी पोचते," ती म्हणाली. "जाशील काय भाऊ? आधी घरी पाहा. घरी नसन तर झाडाकडे. अन् मले फोन कर. काही असो, फोन कर."

प्रफुल धावतच गेला. त्याच्या मोटरसायकलचा आवाज रस्त्याला लागून सागाच्या झाडांमध्ये बुडाला.

चंचल परत बसली.

आता तिने फोटो इन्सर्ट करण्याऐवजी कॉपी करून चिकटवून पाहिला. तरी तेच. एका स्लाइडवर फक्त झाडाचा, वाघ नसलेला फोटो टाकला. तोही बुडाला. म्हणजे फोटोत काही दोष नव्हता. मग दोष कशात होता? तिची बोटं चालत होती आणि कान खिडकीकडे होते. मोबाइल खिडकीच्या कठड्यावर ठेवलेला होता. सगळ्या ऑफिसात तेवढ्या एका हातभर जागेत रेंज यायची. रस्त्याच्या खोदकामात ऑफिसचं नेट तुटल्यापासून हे ऑफिस तिच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवरच चालत होतं. पीपीटी झाली की तिची एक प्रत मेलने पुढे पाठवायची होती, म्हणून हॉटस्पॉट सकाळपासून चालू होता.

फोन वाजत नव्हता.

"पोचला असन न आता?" तिने विचारलं.

"पोचला असन," साहेब म्हणाले. ते दाराशी उभे होते. मघापासून त्यांनी घड्याळाकडे पाहणं सोडून दिलं होतं.

तिने पुन्हा फोटो टाकला, आणि या वेळी फोटोकडे न पाहता पडद्याच्या कडेला पाहिलं. एक गोष्ट तिने आतापर्यंत नीट पाहिलीच नव्हती. फोटो आला की उजवीकडे एक पट्टी उघडत होती. सजावटीची पट्टी. फोटो कसा मांडला तर छान दिसेल, कोणती चौकट, कोणता रंग, हे ती पीपीटी आपणहून सुचवायला बघत होती. पट्टी उघडायची, तिच्यात चक्र फिरायचं, ती नेटवरून काही तरी ओढायला जायची, नेट लंगडं, ओढता ओढता तिचा श्वास कोंडायचा आणि ती सगळ्या फाइलीला घेऊन खाली बसायची.

"सजवून राह्यली," चंचल म्हणाली.

"काय?"

"वाघिणीले सजवून राह्यली साहेब. नेटवरून." तिला हसू आलं असतं, पण आलं नाही. ती उठली, खिडकीतून मोबाइल उचलला, हॉटस्पॉट बंद केला आणि तो होता तिथे ठेवला. परत येऊन फोटो टाकला.

वाघीण आली. पट्टी उघडली नाही. पडदा पांढरा झाला नाही. वाघीण जिथल्या तिथे राहिली, डावी कूस पुढे, पट्टे स्वच्छ.

चंचलने दुसरा टाकला. बसला. गुराख्याच्या जागेवरचा टाकला. बसला. साहेब खुर्चीला धरून मागे उभे राहिले. "वा मॅडम," ते म्हणाले, आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत खिडकीतला मोबाइल थरथरू लागला. आधी एकामागून एक मेसेज आले, तुम्हाला या नंबरवरून फोन आला होता, या नंबरवरून फोन आला होता. सगळे प्रफुलचे. त्या तुटपुंज्या रेंजमध्ये हॉटस्पॉट चालू होता तोवर त्याचा एकही फोन लागला नव्हता. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग तो वाजला.

"ताई," प्रफुलचा श्वास लागलेला होता. मागे माणसांचा कालवा ऐकू येत होता. "ताई, केव्हाचा लावून राह्यलो तुम्हाले."

"बोल."

"तुमची आत्या घरी आहे ताई. बरी आहे. घरीच होती."

चंचलने डोळे मिटले. ती खिडकीला टेकली. ती हसलीसुद्धा. साहेबांनी ते हसू पाहिलं आणि त्यांचाही चेहरा सैलावला.

"पण झाडाखाली," प्रफुल म्हणाला, "रुखमाबाई होती."

होती. तो शब्द तिला आधी कळला नाही. मग कळला, आणि ओठांवरचं हसू कुठे ठेवावं तेही तिला समजेना.

तिने साहेबांना सांगितलं. साहेब खुर्चीवर बसले. थोडा वेळ त्यांनी दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवले.

"गाववाले बॉडी उचलू देत नाई आहेत," स्पीकर चालू केल्यावर प्रफुल सांगू लागला. "म्हणतेत रेंजर आल्याशिवाय हात नाई लावाचा. मले मधात बसवून ठेवलं आहे."

साहेब उठले, जीपकडे निघाले, दारातच थांबले. गावात जायचं तर बैठक गेली. बैठकीला जायचं तर गावात प्रफुल एकटा. दोन्ही वाटा त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होत्या.

"तुम्ही चंद्रपूरले जा साहेब," चंचल म्हणाली. "गावात मी जातो. माहं गाव आहे."

"ते ऐकतीन तुमचं?"

"नाई ऐकतीन. पण मले मारणार नाईत."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मॅडम, आणखी एक स्लाइड लागन." बोलायला त्यांना जड जात होतं. "आजची. प्रफुलनं स्पॉटचा फोटो पाठवला असन."

पाठवला होता. चंचलने तो उघडला आणि लगेच बंद केला. जेवढा दिसला तेवढा पुरे होता. जांभळ्या लुगड्याचा काठ तिने ओळखला. तिने आपल्या मोबाइलमधले जुने फोटो काढले. मागच्या जयंतीला विहाराच्या अंगणात काढलेला एक होता. रुखमा पंगतीत वाढत होती, हातात पातेलं, म्हणून पदर धरायला हात रिकामा नव्हता. हसणं तसंच उघडं राहून गेलं होतं, पडलेल्या दाताच्या खिंडीसकट.

"हा टाकतो साहेब."

"मॅडम, तिथी स्पॉटचा मागतेत."

"स्पॉटचा पंचनाम्यासंगं जाईनच न. इथी बाई कोण होती ते दिसू द्या."

साहेब काही वेळ तो फोटो पाहत राहिले. मग त्यांनी मान डोलावली. चंचलने तो स्लाइडवर ठेवला. खाली नाव लिहिलं, गाव लिहिलं, वय किती लिहायचं ते तिला माहीत नव्हतं, म्हणून ती जागा कोरी सोडली. पेनड्राइव्हवर फाइल घेऊन साहेब गेले. जीपची धूळ खाली बसायच्या आत तिने स्कूटी काढली.

त्या दिवशी त्या रस्त्यावर तिने हॉर्न वाजवला नाही. वाजवायचा राहिला, हे तिला गाव दिसल्यावर कळलं.

गावाच्या अलीकडे, नाल्याकडे वळणाऱ्या वाटेवर माणसं उभी होती. काठ्या, कुऱ्हाडी, कुणाच्या हातात नुसतीच चप्पल. तिची गाडी पाहून घोळका तिच्याकडे वळला. पुढे बापूराव होते, गावातले जाणते. विहाराचं बांधकाम, लग्नं, भांडणं, सगळ्यांत त्यांचा शब्द चालायचा.

"साहेब कुठी आहे?"

"चंद्रपूरले गेले भाऊ. परवानगी आणाले."

"पळाले म्हण न!" मागून कुणीतरी ओरडलं. "मेल्यावर परवानगी आणतेत! आधी काऊन नाई आणली?"

"ते वाघ पोसतेत अन् आम्ही मरतो!"

"तू बी त्याहीचीच," एक बाई म्हणाली. ती रोज चंचलच्या स्कूटीवर मागे बसून सिंदेवाहीच्या बाजाराला जायची. "फॉरेस्टवाली. तुही सासू बरी घरात राह्यली."

चंचलने गाडी स्टँडला लावली. बाई बोलली ते खरंच होतं. ती घोळक्यातून वाट काढत झाडाकडे गेली. कुणी तिला अडवलं नाही, कुणी बाजूलाही झालं नाही.

मोहाच्या झाडाखाली काळ्या जमिनीवर रुखमा होती. तिच्यावर खाकी शर्ट पांघरलेला होता, आणि शर्टात मावलं नाही ते पळसाच्या पानांनी झाकलेलं. शेजारी प्रफुल बनियनवर उकिडवा बसला होता. टोपलं उपडं पडलं होतं. फांदीवरून अजून फुलं गळत होती, एक एक, टप, टप, आणि कुणी ती वेचत नव्हतं.

"साहेब येईपर्यंत उचलू देत नाई न?" चंचलने मागे वळून बापूरावांना विचारलं. "नका उचलू. मी इथीच बसतो. साहेब आले नाई तं मलेही सोडू नका."

आणि ती रुखमाच्या डोक्याशी खाली बसली.

माणसं चरफडली, कुजबुजली. मग एक म्हातारी येऊन तिच्याजवळ बसली. मग ती बाजाराची बाई आली, रडत रडतच बसली. ऊन वर चढत गेलं. नाल्यापलीकडच्या बांबूत एकदा वानर खेकसलं, ते भीतीचं खेकसणं, एकदाच, आणि सगळ्या बायांच्या माना तिकडे वळल्या. पुरुषांनी काठ्या आपटल्या, डबे वाजवले. बांबूत काही हललं नाही. काही न हलणं जास्त वाईट होतं. दिवसभर, बोलताना, रडताना, पाणी पिताना, प्रत्येकाचा एक डोळा त्या बांबूवर होता.

दुपार कलली तेव्हा साहेबांचा फोन आला. मिळाली होती. पिंजरा उद्या येणार, पथक येणार. चंचलने फोन स्पीकरवर टाकून बापूरावांपुढे धरला. साहेबांनी पुन्हा सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "बापूरावभाऊ, मी सरळ तिथीच येऊन राह्यलो."

बापूरावांनी डोक्याचा दुपट्टा सोडला आणि प्रफुलच्या उघड्या खांद्यावर टाकला. "उचला," ते म्हणाले.

रुखमाला पोस्टमॉर्टेमसाठी दवाखान्यात नेलं. तिच्यासोबत गाडीत बसायला घरचं कुणी नव्हतं, म्हणून बापूरावच बसले.

चंचल घरी आली तेव्हा भागीरथाबाई अंगणात भिंतीला टेकून बसली होती. सकाळपासून तिथून हलली नव्हती, असं शेजारच्या पोरीने सांगितलं. चूल थंड होती. चटईवरची मोहं उन्हात तांबूस पडली होती.

चंचलने पाणी आणून दिलं. म्हातारीने घेतलं नाही.

"मीच म्हणली तिले," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "तू काल इतकी ओरडली, म्हणून मी गेली नाई. पहाटे उठली, टोपलं हातात घेतलं, ठेवून देल्लं. मंग भिंतीवरून तिले म्हणली, माह्या झाडाचे फुलं वाया जाऊन राह्यले, तूच वेच आज. तिचं झाड लहान आहे. ते खुश झाली. म्हणे, संध्याकाळी अर्धे तुले देतो."

चंचल तिच्याजवळ बसली. कालच्या पहाटेचा तो दुसरा फोटो तिच्या डोळ्यांपुढे आला, वाकलेली पाठ, निळा उजेड. तो कुणाला दाखवायचा नव्हता. साहेबांनी पाहिला होता, प्रफुलने पाहिला होता, तेवढं पुरे. सासूला काय सांगायचं, की तुम्ही काल वाचलात? आणि वाचलात म्हणून काय?

"तुम्ही मारलं नाई तिले आत्या."

"मालूम आहे," भागीरथाबाई म्हणाली. "मालूम असून का होते?"

उन्हं उतरली. गावात रोज या वेळेला पोरांचा गलका असतो. आज दारं आताच ओढून घेतली जात होती, एकामागून एक, कड्या आतून लागत होत्या. लांब नाल्याकडे पुन्हा ते वानर खेकसलं.

त्याच्याबरोबर भिंतीपलीकडून शेळ्या ओरडायला लागल्या. रुखमाच्या शेळ्या. दिवसभर कुणी त्यांना सोडलं नव्हतं, पाणी दाखवलं नव्हतं. सगळ्या गावाला रुखमा आठवली होती, शेळ्या कुणाला आठवल्या नव्हत्या.

भागीरथाबाई हाताने भिंत धरून उठली. "आत्या, मी जातो," चंचल म्हणाली, पण म्हातारीने ऐकलं नाही. ती भिंतीच्या खिंडारातून पलीकडे गेली, दावी सोडली आणि शेळ्यांना ओढत इकडे आणलं. अंगणात एकच खुंटा होता. एक त्याला बांधली, एक खाटेच्या पायाला, आणि लहानीला बांधायला काही उरलं नाही तेव्हा तिची दोरी आपल्या हाताला गुंडाळून ती खाली बसली. चंचलने घमेल्यात पाणी आणून मध्ये ठेवलं.

शेळ्या पाण्याकडे जाईनात. भिंतीकडे तोंड करून ओरडत राहिल्या.

"ये," भागीरथाबाई म्हणाली. "ये वो, ये." मग जरा थांबून तिने चंचलकडे पाहिलं. "रुखमा यायले नावानं बोलवत होती. काय म्हणत होती वो?"

चंचललाही माहीत नव्हतं.